मदत हवी आहे: जुनी स्प्लेंडर, बाहेरून बसवलेली एलईडी टेललाइट, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद आणि मधूनच फ्यूज जातो

राम राम मंडळी. गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००९ चं मॉडेल, किकवाली. चोपड्याहून सेकंड हँड घेतली, इंजिन एकदम मस्त, ॲव्हरेज चांगलं, कागदपत्रं क्लिअर, भानगड एकच आणि ती सगळी मागच्या बाजूला. आधीच्या मालकाने मूळ टेललाइट काढून ती बाजारात मिळते ना, टेल, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर एकाच लाल काचेत असलेली एलईडीची पट्टी, ती बसवलीय. दिसायला भारी आहे, पोरं वळून बघतात, पण वायरिंग कोणी केलंय देव जाणे.

माझी शिफ्ट जळगाव एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात, आणि घर पाळधीला. म्हणजे अर्ध्या रात्री हायवेने बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडून यायचं, मागे ट्रक आणि केळीच्या गाड्या चिकटलेल्या. तिथे मागचा दिवा हा शोचा विषय नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कंटाळू नका.

आता होतंय काय, तर लाइटचं बटण ऑन केलं आणि गाडी आयडलला असली की टेल थरथरते, डोळ्याला त्रास होईल अशी, आणि रेस दिली की बऱ्यापैकी स्थिर होते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली ऑन केली तर टेल अजिबात लागत नाही, ब्रेक मात्र लागतो. दुसरं म्हणजे डावा किंवा उजवा इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की इंडिकेटर एकदम मंद होतो आणि ब्रेकलाइट त्याच्या तालावर कमीजास्त होतो, मागचा माणूस गोंधळणारच. इंडिकेटर तसाही फार भरभर मारतो. आणि तिसरं, सगळ्यात डेंजर, मधूनच फ्यूज जातो. फ्यूज गेला तरी गाडी चालूच राहते, हेडलाइटही लागलेला असतो, त्यामुळे कळतच नाही, हॉर्न मारायला गेलो की मग समजतं की हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट सगळं मेलंय.

सीट काढून बघितलं तर मडगार्डच्या भोकातून पट्टीच्या पाच वायरी वर आल्यात आणि मूळ वायरिंगला नुसत्या पिळून टेप गुंडाळलीय. सॉकेट नाही, सोल्डर नाही. आपल्याकडच्या उन्हाने त्या टेपचा गोंद पार पाझरून काळा चिकटा झालाय, बोटाला लागला की रॉकेलशिवाय निघत नाही. एक जॉइंट उघडला तर आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि हात लावताच दोन तारा तुटल्या. पट्टीची काळी वायर मडगार्डच्या बोल्टखाली दाबलीय, पण बोल्टच्या खाली रंग तसाच आहे, घासलेला नाही.

एका गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणे पूर्ण वायरिंगच नवीन टाका, दुसरा म्हणे बॅटरी गेली. बॅटरी मी मल्टिमीटरने तपासली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे मला तरी ती गेलेली वाटत नाही. पैसे टाकायला हरकत नाही पण आधी नेमकं काय बिघडलंय ते कळू द्या. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

आधी अर्थिंग (मायनसची बॉडीला जाणारी वायर) देख भो, बाकीनं मांगून. रंगावर दाबलेली अर्थ ही अर्थच नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत कर, वायरीच्या टोकाला गोल थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लाव, नाहीतर सरळ मूळ वायरिंगमधल्या हिरव्या वायरला जोड. त्या गाडीत हिरवी म्हणजे अर्थ.

प्रतिसाद

वरच्या भाऊंशी सहमत, पण धागाकर्ते, तुमच्या गाडीत एक नाही, तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तुम्ही ते एकच समजून शोधताय.

टेल थरथरणं हा अर्थचा दोष नाही. या जुन्या स्प्लेंडरमध्ये हेडलाइट, टेल आणि मीटरचा दिवा हे मॅग्नेटोच्या (इंजिन फिरलं की वीज बनवणारा भाग) एसी करंटवर, म्हणजे सतत दिशा पालटणाऱ्या करंटवर चालतात, बॅटरीवर नाही. म्हणूनच इंजिन बंद असताना टेल लागत नाही. ब्रेक, हॉर्न आणि इंडिकेटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर, बॅटरीतून, फ्यूजमधून. साध्या बल्बला एसी असो की डीसी काही फरक पडत नाही, फिलामेंट तापलेलीच राहते, पण एलईडी प्रत्येक फेरीत विझते आणि लागते, आणि आयडलला फेऱ्या कमी म्हणून डोळ्याला दिसते. ती पट्टी पूर्ण डीसीसाठी बनवलेली आहे. इग्निशन पण बॅटरीवर नाही, म्हणून फ्यूज जाऊनही गाडी पळते.

ब्रेक आणि इंडिकेटर एकमेकांना ओढतात तो अर्थचा दोष. सगळ्यांचा परतीचा रस्ता त्या एकाच काळ्या वायरीतून आहे आणि तो अरुंद झालाय. खात्री करायची असेल तर मल्टिमीटर डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं पट्टीच्या काळ्या वायरीच्या उघड्या तांब्याला, आणि ब्रेक दाबून धरा. जवळपास शून्य यायला पाहिजे. अर्धा व्होल्टच्या वर काही आलं तर अर्थ खराब.

फ्यूजचं मात्र शोधावं लागेल. ब्रेकची किंवा इंडिकेटरची प्लसवाली वायर कुठेतरी सोलून पत्र्याला लागतेय. मडगार्डच्या भोकाच्या कडेला बघा, तिथे रबरी ग्रोमेट असतं, पट्टी बसवणारे ते काढून फेकतात. आणि फ्यूज जातो म्हणून जास्त अँपिअरचा टाकू नका, वायरिंग जळेल.

मूळ रंग असे: हिरवी अर्थ, तपकिरी टेल, हिरवी-पिवळी ब्रेक, ऑरेंज डावा, आकाशी उजवा. पट्टीच्या बाजूच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, प्रत्येकाचे वेगळे असतात, एकेक वायर बॅटरीला लावून बघा.

धागाकर्ता

भाऊ, जबरदस्त. सांगितलं तसं केलं. ब्रेक दाबल्यावर काळ्या वायरीवर ३.१ व्होल्ट आले, इंडिकेटर पण लावला की आकडा वरखाली नाचतो. मग एक जाड वायर काळ्यापासून थेट बॅटरीच्या मायनसला तात्पुरती लावली तर आकडा ०.१ च्या आत आणि ब्रेक-इंडिकेटरची ओढाताण गायब! तपकिरी वायरीवर एसी रेंजला आयडलला ९ च्या आसपास आणि रेस दिली की १३ पर्यंत. म्हणजे एसी पक्कं.

फ्यूजवालं पण सापडलं. ग्रोमेट नाहीच. ब्रेकची वायर भोकाच्या धारेवर बरोबर अर्धी कापली गेलीय, हाताने मडगार्ड हलवलं की टिचकन ठिणगी. माझ्या एकट्याच्या वजनाने काही होत नाही, मागे कोणी बसलं आणि खड्डा आला की लागते. म्हणूनच भाऊबंदांकडे जाताना हमखास फ्यूज जायचा!

आता टेलच्या एसीचं काय करू?

प्रतिसाद

ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा, एसीचं डीसी करणारा भाग) मिळतो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, किरकोळ किमतीत. तपकिरी वायरीला लावा, सोबत कपॅसिटर (वीज साठवणारा भाग), थरथर बंद.

प्रतिसाद

ब्रिज इथे लावू नका. मॅग्नेटोतल्या लाइटिंग कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ आहे आणि तुमच्या पट्टीची मायनस पण बॉडीलाच. ब्रिजची मायनस बॉडीला लावली की आतला एक डायोड सरळ शॉर्टमध्ये येतो. एकच डायोड आणि कपॅसिटर चालेल, पण कपॅसिटर शेंड्याच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या व्होल्टेजपर्यंत भरतो, १३ व्होल्ट एसीचा शेंडा १८ च्या पुढे जातो, स्वस्तातली पट्टी किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

त्यापेक्षा सोपं, पट्टीची टेलची वायर तपकिरीवरून काढा, तपकिरीच्या टोकाला नीट टेप मारून बांधून ठेवा, आणि टेलला मागच्या ब्रेकस्विचवर येणाऱ्या मूळ वायरिंगच्या काळ्या वायरीतून (पट्टीची काळी अर्थ नव्हे) सप्लाय द्या. किल्ली ऑन केली की तिथे १२ व्होल्ट डीसी असतात. दिवसाही टेल लागलेली राहील, बॅटरीवर लोड नगण्य. फक्त हे लक्षात घ्या की मग टेल पण फ्यूजवर आली. आधी फ्यूज गेला तरी एसीवर टेल लागलेली राहायची, आता ब्रेकसोबत तीही विझेल. कापलेली वायर पक्की केल्याशिवाय हे करू नका.

माझं विचाराल तर पट्टी काढून मूळ लाइट बसवा. त्याचा साधा बल्ब कुठल्याही खेड्यात मिळतो. आणि एक सांगा, तुमच्या नंबरप्लेटवर रात्री उजेड पडतो का? मूळ लाइटला खाली पांढरी काच असते तीच मुळी त्यासाठी. या पट्ट्यांना बहुतेक वेळा ती नसते, आणि पकडलं की पोलीस तेच आधी बघतात.

धागाकर्ता

नाही पडत उजेड. प्लेटवर पूर्ण अंधार, हे कधी बघितलंच नव्हतं.

मग मूळ लाइटच बसवतो, पुलावर फ्यूज गेला आणि मागे काहीच लागलेलं नाही हा विचारच नको. तोपर्यंत ब्रेकवायर सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवलीय, भोकात ग्रोमेट टाकलं, अर्थ हिरव्या वायरीला पक्की केली. टेल थरथरतेय पण निदान लागते.

दोनच शंका राहिल्या. आधीच्या मालकाने मडगार्डवरचा मूळ ब्रॅकेट कापून टाकलाय, तर लाइटसोबत ब्रॅकेट वेगळा मिळतो का मडगार्डच बदलावं लागेल? जळगावात किंवा भुसावळला जुने पार्ट विकणाऱ्यांकडे कोणी असं घेतलं असेल तर अंदाजे किंमत सांगा. आणि मागे परत साधे इंडिकेटर लावले की ते भरभर मारणं आपोआप थांबेल, की आधीच्या मालकाने फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा डबा) पण बदलला असेल? त्याच्यावर काहीच छापलेलं दिसत नाहीये.

प्रतिसाद

चारही बाजूला १० वॅटचे बल्ब लाव, मग बघ. साधा फ्लॅशर लोडवर चालतो, मागे एलईडी म्हणजे लोड कमी, म्हणून भरभर. बल्ब लावूनही तसंच राहिलं तरच फ्लॅशरला हात लाव. ब्रॅकेट वेगळा मिळतो, पण कापलेल्या जागी वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून ठेव.