घरातली उरलेली औषधं टाकायची कुठे? (सांगली)

प्रश्न – कृष्णाकाठ
पिशवीभर औषधं उरलीत. बीपी-शुगरच्या मुदत संपलेल्या गोळ्या, अर्धी खोकल्याची बाटली, इनहेलर, इन्सुलिन पेनच्या सुया, ट्रामाडॉलच्या सहा गोळ्या आणि मेथोट्रेक्सेटची पट्टी. मेडिकलवाले कापलेल्या पट्ट्या घेत नाहीत. पाणी तापवायच्या बंबात जाळून टाकलं तर चालेल का?

गोळीबंद
बंबात अजिबात नको. पट्टीतलं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा धूर होतो, डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही तयार होतात. फवाऱ्याचा इनहेलर तर फुटू शकतो. औषध संपलं तरी आत दाबाखालचा वायू असतो. त्याला भोकही पाडू नका.

साध्या गोळ्या पट्टीतून काढा, पण कुटू नका, भुकटी नाकात जाते. जाड पिशवीत दुप्पट ओली माती घालून कालवा, तोंड घट्ट बांधा. बरेच जण चहाचा चोथा सुचवतात. आपल्याकडे गल्लीत गाई पिशव्या फाडतात, म्हणून मातीच बरी. सिरप बेसिनमध्ये न ओतता त्याच मातीत जिरवा. बाटलीचं लेबल खरवडा, नाहीतर भंगारातून ती बनावट मालासाठी पुन्हा भरली जाते.

पिशवीवर ‘मुदतबाह्य औषधं’ लिहून घंटागाडीत वेगळी द्या. 2016 च्या घनकचरा नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं. ओल्या कचऱ्यात गेला तर खतात उतरतो. इनहेलरही याच वर्गात, पण सुटा द्या.

मिरज_फार्मा
वरचं बरोबर, पण दोन औषधं त्यातून बाजूला काढा.

मेथोट्रेक्सेट पेशींना घातक आहे. गोळी पट्टीतून काढू नका, हाताळताना हातमोजे घाला. आहे तशी पट्टी बंद पिशवीत घालून उपचार चालू होते त्या हॉस्पिटलात द्या, त्यांचा पिवळ्या पिशवीतला कचरा भट्टीत जातो. घरातल्या गरोदर बाईला हे काम सांगू नका.

ट्रामाडॉल (तीव्र वेदनाशामक) मात्र संडासात टाकून फ्लश करा. सीडीएससीओ म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या 2025 च्या मार्गदर्शनात फ्लश करायची अशी 17 औषधं आहेत. मॉर्फिन, फेंटॅनिल, डायझेपाम त्यातलीच. एखादी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून ही सूट. अँटिबायोटिक मात्र कधीच फ्लश करू नका, गटारातल्या जंतूंना तेच औषध पचवायची सवय लागते.

सातारी_कंदी
सुयांचं राहिलं. पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार येते आणि कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसते. फिनेलची जाड बाटली घ्या, पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून वर ‘सुया’ लिहा. पेनची सुई काढताना मोठं बाहेरचं टोपण वापरा, आतलं छोटं परत बसवायला गेलात तर बोटात टोचते.

आणि गोठा असेल तर एक सांगतो: माणसाचं उरलेलं डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) म्हशीला टोचू नका. ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, 2006 पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

कृष्णाकाठ
खोकल्याच्या बाटलीवर कोडीन लिहिलंय. तीही मातीतच?

मिरज_फार्मा
हो, मातीतच, पण आजच. कोडीन अफूच्या वर्गातलं, सवय लागणारं औषध आहे, पण फ्लश करायच्या त्या 17 मध्ये नाही. कोडीनची बाटली कपाटात ठेवायची नाही.