मदत हवी आहे: 'सूगान' खुर्चीसाठी पेंढ्याचा दोर कसा वळावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या एका खेड्यात राहतो. शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या आईच्या वेळची सूगान खुर्ची, म्हणजे पेंढ्याच्या दोरानं बैठक विणलेली खुर्ची आहे. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा अजून खणखणीत आहे, पण बैठकीचा पेंढ्याचा दोर कुजून तुटलाय. आजोबांची बोटं संधिवातानं आखडली आहेत, म्हणून ते सांगतात आणि मी वळते. त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत बसलेलं मला पाहायचंय.

हा दोर इथे पूर्वी घरोघरी वळत. त्यानं गवताच्या गंज्या बांधत, किनाऱ्यावरच्या घरांची शाकारलेली छपरं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगडांना आवळत. एकानं बसून पेंढा सोडत जायचं, दुसऱ्यानं दोर अडकवलेला आकडा फिरवत मागे मागे सरकायचं. नकोशा पाहुण्याला असा दोर वळायला लावला, तो सरकत सरकत दाराबाहेर गेला आणि घरच्यांनी दार लावून घेतलं, अशी लोककथाही आहे. कॅसलबारजवळ टर्लॉ पार्कला २००१ साली ग्रामजीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. जुन्या घरगुती कारागिरीसाठी ते जरूर पाहावं, पण पीळ हातात बसायला वळणाऱ्याच्या शेजारीच बसावं लागतं.

आता अडचण. कंबाइनमधून (कापणी-मळणी यंत्रातून) निघालेला पेंढा चेचलेला असतो, तो उपयोगाचा नाही. एका शेतकऱ्यानं हातानं कापलेला ओटचा लांब पेंढा दिलाय. पाणी शिंपडून तो गोणपाटाखाली मऊ करते. वळताना मात्र जिथे नवा पेंढा घालते तिथे दोर बारीक होतो आणि बैठकीवर ताणला की तिथेच सुटतो.

भाताच्या पेंढ्याचे दोर वळलेले किंवा सुंभानं बाज विणलेली कोणी इथे आहे का? मागच्या काड्या किती उरल्या असताना नव्या घालायच्या? बुडख्याकडून की शेंड्याकडून? आणि वळलेला दोर ओला असतानाच विणायचा, की ताणून वाळवून? आजोबा ओलाच म्हणतात, पण वाळल्यावर तो सैल पडेल अशी मला भीती वाटते.

नायलॉनची दोरी कृपया सुचवू नका. घरी कोणी वळत असेल तर बोटं जवळून दिसतील असा व्हिडिओ टाकाल का?