बीबीए सीएला (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) ओओपी, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, डोक्यात शिरत नाहीये, काय करू?

प्रश्न: बारावी कॉमर्स करून पुण्यात बीबीए सीएला आलोय, सी भाषा कशीबशी जमली पण सी प्लस प्लसमध्ये क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं नुसतं पाठ होतंय, कुठून सुरू करू?

उत्तर १: अरे तुला अकाउंट्स येतं ना, मग बँकेचं खातं घे. खातं हा क्लास, तुझं खातं, माझं खातं हे ऑब्जेक्ट. बॅलन्स प्रायव्हेट ठेव आणि पैसे काढायचं फंक्शन आधी शिल्लक तपासेल असं लिही, हेच एन्कॅप्सुलेशन.

उत्तर २: +१. मग त्यातूनच सेव्हिंग आणि करंट असे दोन क्लास काढ (हेच इनहेरिटन्स, खातं हा बेस क्लास), व्याजाचं फंक्शन व्हर्च्युअल कर, करंटला शून्य येऊ दे. व्हर्च्युअल लिहायचं राहून गेलं तर बेस क्लासच्या पॉइंटरवरून बेसचंच फंक्शन चालतं, सेव्हिंग-करंटचं नाही, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) नक्की विचारतील.

प्रश्न विचारणारा: भारी, मग एफडीपण सेव्हिंगमधूनच काढू का?

उत्तर २: नको, थेट खात्यातून काढ, एफडीतून सेव्हिंगसारखे हवे तेव्हा पैसे काढत नाहीत.