मदत हवी आहे: हाताने कापलेल्या पताकांची किंमत कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, मी सॅन दिएगोला राहते, चिकानो पार्कजवळ. १९७० मध्ये इथल्या चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांनी पुलाखालची जागा अडवून धरली म्हणून ते पार्क झालं, आता खांबाखांबावर म्युरल्स आहेत, बघतच राहावं असे.

तर माझी शेजारीण पापेल पिकादो बनवते, म्हणजे पताकाच, पण टिश्यू पेपरची थप्पी लावून छिन्नी-हातोडीने त्यात कवट्या, पक्षी, फुलं कोरायची. एक घाव चुकला की अख्खी थप्पी वाया!! १-२ नोव्हेंबरला मेक्सिकन लोकांचा दिआ दे लोस मुएर्तोस, म्हणजे मृतांचा दिवस असतो, गेलेल्या माणसांसाठी घरात वेदी मांडतात, त्यावर या पताका आणि झेंडू (आपला दसऱ्याचा झेंडू मूळ मेक्सिकोचाच बरं का). तिला यंदा ऑनलाइन विकायचंय, पण बाजारात मशीनवर कापलेल्या प्लॅस्टिकच्या माळा इतक्या स्वस्त आहेत की ती स्वतःची मजुरीच धरत नाही, मला बघवत नाही ते.

हाताच्या वस्तू विकणारं कोणी आहे का इथे? मजुरी तासावर धरता की नगावर? आणि इतका नाजूक कागद पोस्टाने पाठवताना चुरगळू नये म्हणून काय करता, पुठ्ठ्यात सपाट की नळीत गुंडाळून? प्लीज सांगा, ऑक्टोबरच्या आधी सुरू करायचंय.