दोन फाशांची बेरीज ७ इतक्या वेळा का येते?

रत्नागिरीकर: गणपतीच्या जागरणाला आम्ही भावंडे दोन फासे टाकून खेळत होतो. २ ते १२ अशा अकरा बेरजा शक्य असल्याने प्रत्येकीची संभाव्यता १/११ असावी, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मात्र ७ वारंवार आला आणि १२ क्वचितच. माझे कोठे चुकते?

देवगडकर: बेरजा अकरा असल्या तरी त्या समसंभाव्य नाहीत. एका फाशाला कुंकवाचा ठिपका लावून पाहा, म्हणजे ३ व ४ आणि ४ व ३ या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत हे लगेच ध्यानात येईल. एकूण निष्पत्ती ६ × ६ = ३६; त्यांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे मिळते, म्हणून तिची संभाव्यता ६/३६, म्हणजेच १/६, तर १२ साठी केवळ १/३६.

रत्नागिरीकर: पटले. मग तीन वेळा फासा टाकल्यास एकदा तरी सहा पडण्याची संभाव्यता ३/६, म्हणजे निम्मी, धरावी का?

मालवणी गणित: नाही, त्या हिशेबाने सहा वेळा टाकल्यावर सहा पडलाच पाहिजे, आणि सोंगटी घरात अडकलेल्या कोणालाही विचारा, तसे होत नाही. सहा एकदाही न पडण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ × ५/६ = १२५/२१६ आहे; ती १ मधून वजा केल्यास ९१/२१६, म्हणजे सुमारे ४२ टक्के उरतात. चार वेळा टाकल्यास मात्र हे प्रमाण ५१.८ टक्क्यांच्या आसपास जाते.