डोंगरातले कोळी आणि आम्ही कोळीवाड्यातले, काही नातं आहे का?

वरळीची_बाय
एक प्रश्न डोक्यात अडकलाय. गेल्या रविवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर कळसूबाईला गेलेले, रात्रीची कसारा लोकल, पुढे जीप, पहाटे बारी गावात. धुकं एवढं की १६४६ मीटर उंचीच्या शिखरावर चढून काय बघितलं तर पुढच्याची सॅक. उतरल्यावर जिथे जेवलो तिथल्या मावशींनी आडनाव, गाव विचारलं, मी वरळी कोळीवाडा म्हटलं तर म्हणतात "मंग आपण एकच की, आमी बी कोळीच." मी येड्यासारखी विचारलं, इथे मासे कुठून आणता? अख्खं घर हसलं. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणे डोंगरात कसले आलेत कोळी, तुला चढवलं त्यांनी. खरं काय?

राजूरचा_गडी
चढवलं नाही ओ ताई. आम्ही महादेव कोळी, मी अकोले तालुक्यातलाच, सध्या कल्याणला. आमचा जाळ्याशी संबंध नाही, पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे, मळे मासे धरतो तेवढंच. आमचं सगळं भातावर. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, त्यावर रोप टाकायचं, मग जुलैत आवणी, म्हणजे दिवसभर कंबर वाकवून चिखलात. वर उतारावर नागली, वरई. गाय डांगी, तिच्या कातडीलाच तेलकटपणा असतो म्हणून तसल्या पावसात टिकते, दुसरी जनावरं गारठतात. आणि एवढा पाऊस पडून एप्रिलात आया-बहिणी हंडे घेऊन फिरतात, भंडारदऱ्याचं पाणी खाली उसाला जातं, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं, सोडा.
माझा आज्जा पहिल्यांदा गेटवेला आला तेव्हा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, एवढं पाणी आन् भिजत काहीच नाही व्हय रं?

ठाणेकर_७२
सरकारी यादीत महादेव कोळी अनुसूचित जमातीत आहेत, दर्यावरचे सोनकोळी नाहीत. त्यामुळे नाव एक असलं तरी कागदावर वेगळे. जव्हारचं मुकणे राजघराणं महादेव कोळ्यांचंच, ते संस्थान थेट १९४८ पर्यंत होतं. आणि राघोजी भांगरे, सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठलेला, त्याला २ मे १८४८ ला ठाण्याच्या जेलात फाशी दिली. मी त्या जेलच्या भिंतीवरून रोज स्टेशनला जायचो, पन्नाशी उलटेपर्यंत हे माहीत नव्हतं.

शंकेखोर
नाव सारखं दिसलं की नातं जोडायचं, आपली जुनी खोड. एक दर्यावरचे, एक डोंगरावरचे, देव वेगळे, बोली वेगळी, खाणं वेगळं. आजी बरोबर आहे.

राजूरचा_गडी
देव वेगळे म्हणता पण दर्यावरच्यांची एकवीरा कुठे आहे? कार्ल्याला, घाट चढून. चैत्रात पालखीला अख्खे कोळीवाडे तिथे असतात. आता यावरून रक्ताचं नातं सिद्ध होत नाही, मी पण तसं म्हणत नाही. पण डोंगर तुम्हाला परका नाही एवढं तर दिसतं ना.
बाकी आमची कळसू म्हणजे गावात कामाला राहिलेली पोर, अट एकच, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तेच काम सांगितलं, बाई निघाली ती तडक डोंगरावर, परत आलीच नाही. नवरात्रात जत्रा असते.

वरळीची_बाय
ही गोष्ट आजीला सांगितली, पहिल्यांदा हसली. म्हणे ती पोर आपल्यातलीच असणार, कोळणीला काम सांगून बघ कोणी 😂 पण खाण्याचं राहिलं, खरंच मासे काहीच नाही?

राजूरचा_गडी
अहो सुकट-बोंबील! पाऊस लागायच्या आत बाजारातून भरून ठेवतात, आवणीच्या दिवसांत भाकरीबरोबर तेच. कुठून येतं ते आम्ही कधी विचारलं नाही.

वरळीची_बाय
आमची मावशी मे महिन्यात घाटावरच्या व्यापाऱ्यांना पोत्यांनी देते, इतकी वर्षं!! दिवाळीनंतर बारीला परत चाललेय, मावशींसाठी सोडे नेऊ का?

राजूरचा_गडी
सोडे नका, महागाचं म्हणून जपून ठेवतील आणि पाहुणा येईपर्यंत काढणार नाहीत. सुकट आणा, कडक वाळलेली. आणि एसटीत पिशवीचं तोंड घट्ट बांधा.