महाप्रसादाची ताटं: कागदी की स्टीलची?

ए-१०२ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. रविवारच्या महाप्रसादाला २५० माणसं धरली आहेत. कागदी प्लेट, द्रोण, चहाचे कप आणि २०० मिलीच्या पाण्याच्या बाटल्यांची ऑर्डर उद्या देतोय. कुणाची हरकत?

बी-३०४: माझी. सगळ्यालाच 😄

सी-२०१: का हो काकू? थर्मोकोलच्या प्लेटवर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. कागद तर चांगलाच की.

बी-३०४: अरे, त्यातून चहा गळत का नाही? आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणूनच भंगारवाला ते रद्दीत घेत नाही. आणि रस्सा लागलेली प्लेट ना धड ओला कचरा, ना सुका. मागच्या वर्षी कचरा वेचणाऱ्या ताई खरकट्यातून एकेक कप वेगळा काढत बसल्या होत्या आणि आपण वर आरती म्हणत होतो.

ए-५०३: सुपारीच्या पानांच्या प्लेट घेऊ. त्यांचं खत होतं.

ए-१०२ (सेक्रेटरी): होतं, पण तुकडे करून खड्ड्यात टाकल्या तर. अख्ख्या टाकल्या की महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात. शिवाय महाग.

डी-४०२: बाटल्या तरी रिसायकल होतात ना? सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वस्तू फिरून पुन्हा वापरात, वगैरे.

सी-१०३: होतात, पण बहुतेकांचा पॉलिस्टरचा धागा होतो. त्याचा टी-शर्ट झाला की पुन्हा बाटली होणं मुश्किल. एक वळसा घेऊन शेवटी कचऱ्यातच. त्यापेक्षा २० लिटरचे जार आणि स्टीलचे पेले. जार धुऊन परत भरला जातो, हे खरं चक्र.

बी-३०४: आणि मंडपवाल्याकडे ताट-वाट्या भाड्याने मिळतात की! आपल्या लग्नात काय होतं?

डी-४०२: घासणार कोण? आणि पाणी?

बी-३०४: घासायला दोन बायका ठरवू, पैसे हिशेबात धरून. "जरा हात लावा" असं नको. खरकटं आधी बादलीत झटकायचं, मग एक टब साबणाचा, दोन टब विसळायचे. नळ उघडा सोडायचा नाही.

सी-२०१: पेले हरवले तर भरपाई आपल्या डोक्यावर.

सी-१०३: डिपॉझिट ठेवा. तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत. २०२२ पासून चालू आहे.

डी-४०२: महाप्रसादाला दारूच्या दुकानाचं उदाहरण! आणि आपल्याच लोकांकडून डिपॉझिट?

बी-३०४: विशेषतः आपल्याच.

ए-१०२ (सेक्रेटरी): डिपॉझिट राहू दे, दोन मुलं मोजायला बसवू. मंडपवाल्याला फोन करतो. चहाचं काय?

ए-५०३: ज्याने त्याने घरून कप आणावा. पाहुण्यांसाठी माझ्याकडे काचेचे ग्लास आहेत, टपरीसारखे.

सी-२०१: मठ्ठ्याला वाटी की पेला?

बी-३०४: पेला. वाटीत जिलबी भिजवणारे बरेच आहेत.